रात्रीचं ट्रेल रनिंग, नाइट ट्रेक आणि थंडीतली बाकीची भटकंती: नेहमी येणारे प्रश्न

दिवाळी संपली की तेच तेच प्रश्न यायला लागतात, मग प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतोय. बहुतेक उत्तरं पुणे, नगर, नाशिक पट्ट्यातल्या सह्याद्रीची आहेत, शेवटी थोडं हिमालयातल्या बर्फाचं.

रात्रीच कशाला पळायचं, दिवसा काय वाईट आहे?

काहीच वाईट नाही, दिवसा जमत असेल तर दिवसाच पळा. पण बऱ्याच जणांना ऑफिसमुळे रात्र किंवा पहाटच मिळते, आणि ज्यांना डिसेंबरातल्या सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रासारख्या (मॅरेथॉनपेक्षा लांब पळायच्या) रेसला उतरायचंय त्यांना अंधाराची सवय करावीच लागते, कारण त्यातल्या १०० किलोमीटरवाल्यांची अख्खी रात्र डोंगरातच जाते. आणि डिसेंबर असला तरी आपल्याकडे अकरानंतर उघड्या सोंडेवर (डोंगराच्या उतरत्या धारेवर) ऊन चांगलंच लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा कारण पाऊस गेलेला असतो, शेवाळं वाळलेलं असतं, गवत बसायला लागतं आणि वाट दिसते. पावसाळ्यात रात्री ट्रेलवर पळायच्या गोष्टी करणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

पहिल्यांदाच करतोय, कुठून सुरुवात करू?

आतकरवाडीकडून पहाटेचा सिंहगड. तीन किलोमीटरच्या आतबाहेरची चढण आहे, वाट मळलेली, पहाटे टॉर्च घेतलेले काकाकाकूसुद्धा भेटतात, त्यामुळे एकटं पडायचा प्रश्न येत नाही. अर्धा चढ अंधारात होतो आणि वर पोचेपर्यंत उजाडतं, म्हणजे सगळ्यात अवघड भाग, उतरण, उजेडात होते. चढ चालतच जा, पळायची घाई नको. असं काही वेळा झालं की मग अंधारात उतरायला शिका, आणि तेसुद्धा त्याच वाटेवर, कारण तिथला कुठला दगड हलतो ते एव्हाना पायाला माहीत झालेलं असतं.

या पानावरची निम्मी उत्तरं शेवटी इथेच येतात, की जी वाट दिवसा पळून झालीये तीच रात्री पळायची. नवीन वाट बघायला दिवस आहे की.

जीपीएक्स फाईल (जीपीएसवर नोंदलेली वाट) आहे, घड्याळात नेव्हिगेशन आहे, मग अनोळखी ट्रेल का नको?

कारण सह्याद्रीत खऱ्या वाटेपेक्षा ढोरवाटा जास्त. गुरं चरायला जातात त्या वाटा अगदी छान मळलेल्या असतात, हेडलॅम्पच्या उजेडात तर त्याच मेन वाट वाटतात, आणि मग अर्धा किलोमीटर गेल्यावर कारवीच्या झुडपात नाहीतर कड्याच्या टोकावर संपतात. दिवसा आपण नकळत समोरचा सुळका, डावीकडची खिंड, खालची वाडी असं बघत दिशा धरत असतो, रात्री हे सगळं गायब होऊन समोर फक्त दहा-पंधरा मीटरचा उजेडाचा गोल उरतो. घड्याळातली लाइन दहा-वीस मीटर इकडेतिकडे सरकू शकते, दरीत आणि कड्याखाली तर जास्तच, आणि ट्रॅव्हर्सवर, म्हणजे कड्याच्या कडेनं आडव्या जाणाऱ्या वाटेवर, एवढा फरक म्हणजे वाट आणि दरी यातला फरक. गावातली जुनी माणसं चकवा लागला म्हणतात, माणूस रात्रभर फिरून परत त्याच झाडापाशी येतो. भुताखेतांचं सोडा, खुणा दिसेनाशा झाल्या की सरळ चालतोय असं वाटत असताना माणूस खरंच गोल फिरतो.

फाईल ठेवा, जरूर ठेवा, पण आधी बघितलेल्या वाटेवर आधार म्हणून.

मावळे बॅटरी न घेता कडे चढले, मग एवढं सामान कशाला?

दर वर्षी कोणीतरी हे विचारतंच. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, माघ वद्य नवमी, म्हणजे चंद्र उगवणार मध्यरात्रीनंतर, आधी सगळा काळोख, त्यात तानाजी मालुसरे सिंहगडाचा कडा चढले. पण बरोबरचे मावळे याच डोंगरांत वाढलेले होते, आदल्या दिवशी इन्स्टावर रील बघून आलेले नव्हते. त्यांच्याइतका मुलूख पायाखालचा असेल तर खुशाल बॅटरी घरी ठेवा.

हेडलॅम्प किती ल्युमेनचा घ्यावा?

ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. नुसतं चालायला २०० पुरे. पळायचं असेल, विशेषतः उतारावर, तर ३०० ते ४०० हवेत. त्याच्या वर गेलात तर बॅटरीच खाणार. आणि खोक्यावर लिहिलेला रनटाइम बहुतेक वेळा सगळ्यात मंद सेटिंगचा असतो हे लक्षात ठेवा, घरी फुल चार्ज करून मधल्या सेटिंगला किती चालतो ते एकदा घड्याळ लावून बघा. चढावर मंद, उतारावर जोरात, एवढी शिस्त ठेवली तरी रात्र निघते.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या जवळ असल्यामुळे दगडाची सावली दगडाच्या मागेच लपते आणि जमीन सपाट दिसते, खड्डा आणि उंचवटा यातला फरकच कळत नाही. त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला कमरेला एक दिवा लावला की सावल्या लांब पडतात आणि खाचखळगे दिसतात. पहाटे धुकं असेल तर हेच, कपाळावर दिवा ठेवलात तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते, काढून हातात घ्या आणि खाली धरा. धुक्यात पिवळसर उजेड पांढऱ्यापेक्षा बरा.

मोबाईलचा टॉर्च चालणार नाही का जादाचा दुसरा दिवा म्हणून?

नाही. मोबाईल हा मदत मागायचा फोन आहे, तो संपला की संपलं. शिवाय एक हात कायम अडकतो, आणि घसाऱ्यावर (सुट्या माती-खड्यांच्या उतारावर) किंवा कळसूबाईच्या शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. दुसरा दिवा छोटा स्वस्तातला असला तरी चालेल पण असायला हवा, आणि तो सॅकच्या तळाशी नाही, वरच्या कप्प्यात, कारण पहिला बंद पडल्यावर तुम्ही तो अंधारातच शोधणार आहात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, स्पेअर सेल आणि फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा.

पौर्णिमेला हेडलॅम्प लागतो का?

मोकळ्या पठारावर बऱ्याचदा नाही लागत. थंडीतली पौर्णिमा खास असते कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेला खाली आणि पूर्ण चंद्र त्याच्या उलट, म्हणजे आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषातला पूर्ण चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो आणि चांदणं दरीतसुद्धा उतरतं. उन्हाळ्यातला चंद्र दक्षिणेकडून खालून जातो, त्यात ही मजा नाही. त्रिपुरी पौर्णिमा आणि दत्तजयंती या दोन रात्री कॅलेंडरवर धरून ठेवा. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि कोणीतरी तोंडावर हेडलॅम्प मारला की ती सगळी मेहनत वाया, म्हणून ग्रुपमध्ये बोलताना दिवा खाली करायचा किंवा लाल मोड लावायचा, ही साधी मॅनर्सची गोष्ट आहे पण अर्ध्या लोकांना सांगावी लागते. झाडीत शिरलात, घसारा लागला, की चांदणं असलं तरी दिवा लावा.

के टू एस रात्रीच करतात ना? ते सोपं आहे का?

कात्रज ते सिंहगड पौर्णिमेच्या रात्री करायची पद्धत आहे खरी. जुन्या कात्रज बोगद्याच्या वर वाघजाईपासून सुरू होतं आणि एकामागून एक टेकड्या, तेरा म्हणतात, मोजताना प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, म्हणून लोक त्याला घाबरतात, आणि के टू एसला टेकड्याच तर आहेत म्हणून हलक्यात घेतात. माझ्या मते उलटं आहे. कळसूबाईला बारी गावातून एकच सरळ वाट, अवघड टप्प्यांवर शिड्या, रेलिंग, चुकायला वावच कमी, फक्त शनिवारी रात्री शिड्यांवर गर्दी तुंबते. के टू एसला दर टेकडीची उतरण घसाऱ्याची, सोंडेवर पाणी नाही, मधेच सोडून द्यायचं ठरवलं तर उतरायचं कुठे ते माहीत असावं लागतं, आणि शेवटच्या दोन टेकड्यांना पाय लटपटत असतात तेव्हाच लोक पडतात. माणशी तीन लिटर पाणी घ्या. पळायचं असेल तर आधी दिवसा एकदा चालून या.

रात्री गवतात हिरवे-निळे ठिपके चमकतात ते काय असतं?

कोळी! जमिनीवर फिरणारे कोळी, त्यांचे डोळे हेडलॅम्पच्या उजेडात हिऱ्याच्या खड्यागत चमकतात. जवळ जाऊन बघा, काही करत नाहीत. वाटेच्या मधोमध लालसर एकच डोळा दिसला आणि अगदी पायाशी आल्यावर फडफड करून उडाला तर तो रातवा, पक्षी आहे, जीव घाबराघुबरा करतो पण निरुपद्रवी. मोठे, जोडीनं, गुडघ्याच्या वर आणि हलणारे डोळे दिसले तर थांबा. बहुतेक वेळा गाय-बैल निघतो. नेहमीच निघेल असं नाही.

म्हणजे बिबट्या? भेटला तर?

सिंहगड, जुन्नर, अकोले या सगळ्या भागात बिबट्या आहे, तुम्हाला तो दिसला नसला तरी त्याला तुम्ही दिसलेला असता. एरवी तो आपल्या वाटेला जात नाही. पण जुन्नर पट्ट्यात बिबटे उसातच राहतात, उसातच पिल्लं होतात, त्यामुळे संध्याकाळी-पहाटे उसाच्या कडेनं एकट्यानं पळू नका, तिथले शेतकरीही जात नाहीत. डोंगरावर दोघं-तिघं मिळून, बोलत जा, दोन्ही कानांत इअरफोन तर अजिबात नकोत. बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो, म्हणून झुडपाशेजारी बूट बांधायला बसतानासुद्धा जोडीदार उभा हवा. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, हात वर करून मोठं व्हायचं, मोठ्यानं बोलायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. फोटो काढायला थांबणाऱ्यांबद्दल काय बोलायचं.

थंडीत साप नसतात ना?

कमी असतात, नसतात असं नाही. उलट घोणस थंडीतच जोडीच्या शोधात फिरते, आणि मण्यार तर रात्रीचाच. घोणस चिडली की कुकरची शिट्टी सुरू झाल्यागत फूत्कारते, ऐकलंत की जागच्या जागी थांबा, आवाज कुठून येतोय ते बघा, मग मागे व्हा. दगडावर हात टेकताना, टाक्यापाशी पाणी भरताना, देवळाच्या पायरीवर बसताना आधी उजेड मारा.

चावलाच तर चिरा मारणं, तोंडानं ओढणं, दोरीनं करकचून बांधणं, यातलं काहीही करायचं नाही. मण्यारच्या चाव्याला सूज-दुखणं फारसं नसतं म्हणून लोक झोपून जातात, ते सगळ्यात घातक. अंगठी, घड्याळ काढा, तो हातपाय काठी बांधून न हलणारा करा, माणसाला शक्यतो उचलून खाली आणा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्या. कुठल्या गावात ते मिळेल हे निघायच्या आधी विचारून ठेवायचं.

आग्या मोहोळाचा रात्री त्रास होतो का?

होतो. आग्या माश्या उजेडाकडे येतात. कड्याखाली किंवा गुहेच्या तोंडाशी पोळी दिसली तर तिकडे दिवा मारू नका, धूर नको, डिओ नको, आरडाओरडा नको. उठल्याच तर दिवा बंद करून तोंड झाकून लांब निघा. गडांवर यांच्यामुळे जेवढी धावपळ होते तेवढी बिबट्यामुळे कधी होत नाही, तरी सगळे विचारतात बिबट्याबद्दलच.

कपडे काय घालू? मला खूप थंडी वाजते.

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. पायथ्याला जॅकेट घालून निघालात तर दहाव्या मिनिटाला घामानं भिजणार, आणि तोच घाम वर वाऱ्यात बर्फ होणार. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं, वर वारा वेगळा. पण शांत रात्री उलटही होतं, थंड हवा खाली दरीत साचते, म्हणून नदीकाठची वाडी वरच्या सोंडेपेक्षा गार लागते, निफाडला पारा किती घसरतो आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव कसं गोठतं हे आपण पेपरात वाचतोच.

कॉटन नको. पळायचा टीशर्ट, वर पातळ विंडचीटर, गळ्यात बफ (नळीसारखा रुमाल), हातमोजे, आणि सॅकमध्ये पिशवीत बांधून एक कोरडा टीशर्ट, तो वर पोचल्या पोचल्या बदलायचा, फोटो नंतर. कानटोपीला लाजू नका. पहाटे गवतावर एवढं दव असतं की बूट ओढ्यातून आल्यासारखे भिजतात, सुके मोजे बरोबर असू द्या.

खायला काय न्यायचं? एनर्जी जेल (पळताना चोखायची गोड पाकिटं) घ्यावेत का?

रेसची प्रॅक्टिस असेल तर घ्या, नाहीतर राजगिरा चिक्की, गूळ-शेंगदाणे, खजूर, तिळाचे लाडू, सगळं खिशात मावतं आणि थंडीत गोड लागतं. डिंकाचा लाडू पळताना नको, गडावर बसून खायचा. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पाणीच पीत नाहीत आणि उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात, घड्याळ बघून घोट घ्या. डिसेंबरनंतर बरीच टाकी आटतात, भरवसा ठेवू नका. उतरल्यावर खालच्या गावात पिठलं-भाकरी आधी सांगून ठेवली तर गरम मिळते, पण पहाटे चारला दार वाजवू नका.

परवानगी लागते का? गडावर मुक्काम करता येतो का?

ठिकाणानुसार बदलतं आणि दर वर्षीही बदलतं. हरिश्चंद्रगड, कळसूबाई हे अभयारण्यात आहेत, तिथे वनखात्याचा नाका, फी, नियम आहेत. बऱ्याच संरक्षित गडांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी आहे, आणि २०२५ मध्ये राजगड, साल्हेर, लोहगड वगैरे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तिथे मनमानी चालेल अशी अपेक्षाच ठेवू नका. शहरातल्या टेकड्यांनाही फाटकाच्या वेळा असतात. नाक्यावर नाहीतर गावच्या सरपंचांना, पोलीस पाटलांना आदल्या दिवशी फोन करा. रात्री आडवाटेनं घुसायचं नाही, पकडलं गेलात तर दंड तुम्हाला होतो आणि बंदी सगळ्यांवर येते.

शेकोटी?

नाही. डिसेंबर-जानेवारीत डोंगरभर वाळलेलं गवत असतं, एक ठिणगी उडाली तर अख्खा उतार जातो, गुरांचा चारा जातो. शेकोटी हवी असेल तर खाली गावात, अंगणात, घरच्यांना विचारून.

आम्ही दोघी-तिघी मुली आहोत, रात्री जाणं सेफ आहे का?

जनावरांपेक्षा माणसांची काळजी जास्त, हे खरं आहे आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. शहरालगतच्या टेकड्या, घाटातले पॉइंट, जिथे गाड्या लावून लोक पीत बसतात, तिथे रात्री नको, आणि हे मुलांनाही लागू आहे. पाच-सहा ओळखीच्या माणसांचा ग्रुप, पहाटेची वेळ, गर्दीची वाट. पैसे घेऊन नेणारा कोणी असेल तर लीडर कोण, वाट त्यानं कधी केलीये, ग्रुपमध्ये किती जण, हे विचाराच. चाळीस-पन्नास जण आणि दोन लीडर असं असेल तर नको म्हणा. लाइव्ह लोकेशन घरी चालू ठेवा, पण रेंज जाणार हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते रात्रभर जागे.

वाट चुकली किंवा पाय मुरगळला तर?

वाट चुकली असं वाटल्यावर पुढे जायचं नाही. जिथे शेवटचं नक्की वाटेवर होतो तिथपर्यंत मागे यायचं, आणि तेही सापडत नसेल तर कड्यापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला बसून राहायचं. खाली दिवे दिसतायत म्हणून सरळ उतरायला जाणं ही सगळ्यात मोठी चूक, सह्याद्रीत दिवे आणि आपण यांच्यामध्ये हमखास कडा असतो. रात्र थंडीत कुडकुडत काढावी लागेल, पण उजाडल्यावर वाट बहुतेक पन्नास पावलांवर निघते.

शिट्टी सगळ्यांकडे हवी, मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट मुठीएवढं असतं, किंमतही किरकोळ, ते घ्याच. मदतीसाठी ११२, आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर निघायच्या आधी फोनमध्ये सेव्ह करा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या टीममधली माणसं स्वतःची कामं सोडून रात्री-बेरात्री दोर घेऊन येतात. त्यांना फोन करताना लाजू नका, पण उगाचही बोलावू नका.

पळायचं नाहीये मला, थंडीत बाकी काय करता येईल?

सांदण दरी, साम्रद गावातून, पण पाणी ओसरल्यावर आणि पुढचे रॅपलिंगचे (दोरावरून उतरायचे) टप्पे अनुभवी लोकांबरोबरच. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी, पहाटे स्थानिक मच्छीमारांची होडी. हुरडा. आणि १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव, त्याला बरोब्बर उलट हवं, चंद्र नको, म्हणजे कॅलेंडर बघूनच ठरवा. गवताच्या माळावर चटई टाकून पडायचं, मृग नक्षत्र आणि खाली व्याध शोधायचा, दुर्बीण-बिर्बीण काही लागत नाही.

सह्याद्री झाला, आता उत्तराखंडातला केदारकंठा करू का? तिथेही रात्री चालावं लागतं म्हणे.

हो, पायथ्याच्या सांकरी गावाच्या वरच्या कॅम्पवरून शिखरासाठी रात्री दोन-तीनला निघतात. डिसेंबरात तिथे मराठी इतकं ऐकू येतं की एफसी रोडला आल्यासारखं वाटेल. उंची साधारण ३८०० मीटर, म्हणजे इथला फिटनेस कामाला येतो पण विरळ हवेला तो पुरत नाही, डोकं दुखून मळमळायला लागलं तर लपवायचं नाही, वर जायचं थांबायचं, वाढलं तर खाली. तिथला आपला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे वेग. सह्याद्रीत पळणारे तिथे पहिल्याच दिवशी पुढे जातात आणि दुसऱ्या दिवशी तंबूत पडून राहतात.

बुटांना मायक्रोस्पाइक्स (बर्फावर पकड देणारे खिळे), पायाला गेटर्स (बुटात बर्फ जाऊ न देणारी पोटरीवरची पट्टी), ते तिथे भाड्यानं मिळतात. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं म्हणून झाकण खाली असलेलं बरं. हेडलॅम्पचे सेल आणि फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. उजाडल्यावर गॉगल लावाच, बर्फावरून परतलेल्या उन्हानं डोळे जातात.

वाडीतली कुत्री अंगावर येतात, काय करू?

पळणं थांबवा आणि चाला, इतकंच. कुत्रं तुमच्या पळण्यावर भुंकतंय. दिवा त्याच्या डोळ्यांवर मारू नका, खाली जमिनीवर ठेवा, कोणी जागं असेल तर मोठ्यानं राम राम म्हणा, आतून कोणीतरी त्याला हाड म्हणतंच. वाडी पूर्ण मागे पडेपर्यंत चालतच राहा.